बसलेल्या कळपाची खबर

तीन वर्षांपूर्वी पौष महिन्यात, मारोती यांच्या फोनवरून पेडगावला रोज संध्याकाळी येणारा संदेश बंद झाला. मारोती मेंढपाळ आहेत. त्या वेळी ते कळप घेऊन गोदाकाठाकडे गेले होते. संदेश त्यांच्या पत्नी गयाबाई यांच्या फोनवर येत असे. शेवटच्या संदेशात पालम तालुक्यातल्या एका गावाचे नाव होते. त्यानंतर काही आले नाही.

मी परभणीत एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात नोकरी केली. गावोगावच्या वार्ताहरांचा मजकूर घ्यायचा, तपासायचा, कापायचा, मथळा द्यायचा, हे काम. पुढे बाजारभावाचे पान संगणकाने आपोआप लागावे म्हणून प्रोग्रॅम लिहायला शिकले. हे काम बाहेरून करून घेणे कार्यालयाला परवडणारे नव्हते. निवृत्तीनंतर तेच कौशल्य वेगळ्या कामाला लागले. या कामाला पगार नाही, नेमणूक नाही आणि वरिष्ठ कोण हे ठाऊक नसते. तरी या अंकासाठी नोकरीवर लिहा म्हटल्यावर मी याच कामाबद्दल लिहिते आहे, कारण मजकूर तपासून घेण्याची शिस्त इथे आमच्या डेस्कपेक्षा कडक आहे.

ओपन सोर्स म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. फोनमधला प्रोग्रॅम म्हणजे कुणीतरी लिहिलेला मजकूरच असतो. त्याला कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या तो कुलुपात ठेवतात. काही लोक मात्र तो सगळ्यांना वाचता येईल असा इंटरनेटवर मांडतात. कुणीही वाचावा, चूक दाखवावी, दुरुस्ती सुचवावी. सुचवलेली दुरुस्ती लगेच छापली जात नाही. त्या प्रोग्रॅमची देखभाल करणारी व्यक्ती ती ओळ न् ओळ तपासते, शंका विचारते, परत पाठवते. पटली तरच ती मूळ मजकुरात जाते आणि मग जगात जिथे जिथे तो प्रोग्रॅम वापरला जातो तिथे पोचते.

मारोतींच्या फोनमधला प्रोग्रॅम असाच होता. डोंगरदऱ्यांत सायकलने फिरणाऱ्या लोकांसाठी तो परदेशात तयार झाला. फोन कुठे आहे ते बघायचे आणि रेंज मिळाली की जवळच्या गावाचे नाव घरच्यांना साध्या एसएमएसने कळवायचे, एवढेच तो करतो. त्याचे नाव इथे देत नाही, कारण देखभाल करणाऱ्यांची तशी परवानगी घेतलेली नाही. ते टोपणनावाने लिहितात. ते पुरुष आहेत की स्त्री, हे मला आजही खात्रीने माहीत नाही. ‘ते’ हे आदरार्थी आहे.

हा प्रोग्रॅम मारोतींच्या फोनमध्ये टाकला शकीलभाईंनी. परभणीत त्यांचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. मारोतींना कमी ऐकू येते. फोन वाजला तरी कळत नाही, कळला तरी पलीकडचे बोलणे समजत नाही. दिवसभर फोन बिऱ्हाडावर घोड्याच्या पाठीवरच्या पिशवीत असतो आणि मालक मेंढरांमागे. बरोबरच्या मेंढपाळ जोडीदाराचा फोन कधी चालू, कधी बंद. पूर्वी गयाबाई स्वतःच कळपाबरोबर जात. सासू अंथरुणाला खिळल्यापासून त्या पेडगावला राहतात. तेव्हा फुकटचा आणि विनाबोलण्याचा उपाय म्हणून शकीलभाईंनी हा प्रोग्रॅम शोधून काढला. गयाबाईंना वाचता येते. रोज दिवे लागायच्या सुमारास एका गावाचे नाव येई. त्या ते सासूला वाचून दाखवत. सासू त्या गावच्या कुठल्या तरी सोयऱ्याची आठवण काढी. मग दोघी जेवत.

संदेश थांबल्यावर गयाबाई आधी जोडीदाराच्या घरी गेल्या. त्याचाही फोन लागत नव्हता. मग त्या परभणीला शकीलभाईंकडे आल्या. मी तेव्हा माझ्या फोनची काच बदलायला तिथे बसले होते. आमची ओळख अशी झाली.

“भाऊ, तुमचं ते मशीन मुकं झालंय,” गयाबाई म्हणाल्या.

“चार्जिंग खलास झाली असंल, भाबी. फिकर नका करू.”

“तुमाला काय, तुमी हितं पंख्याखाली बसायलाव. मी रोज फोन हातात घिऊन बसायले. सासू इचारती, आज कोन्तं गाव? काय सांगू तिला?”

शकीलभाईंनी फोन करून पाहिला. रिंग गेली, कुणी उचलला नाही. म्हणजे फोन चालू होता. त्याने गयाबाईंची काळजी कमी झाली नाही, वाढली. फोन चालू आणि माणूस गप्प, म्हणजे माणसालाच काही झाले. सासूला शेजारणीवर सोपवून दुसऱ्या दिवशी त्या एसटीने निघाल्या. शेवटच्या संदेशातल्या गावी उतरल्या आणि विचारत विचारत शिवारात गेल्या.

मारोती एका बाभळीखाली लोकर कातत बसले होते. मेंढरे भोवती चरत होती. फोन घोड्याच्या पिशवीत होता आणि त्याला पुरेसे चार्जिंग होते. पुढचे संभाषण गयाबाईंनी मला जसे सांगितले तसे देते.

“तू कशी काय इकडं?”

“तुमी जित्ते हाव का बघाया आले!”

“मला काय झालंय? मेंढरं बसवलीत.”

मेंढरे बसवणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पीक निघालेल्या रानात शेतकरी कळपाला मुक्काम करायला बोलावतो. लेंड्यांचे खत रानाला मिळते, त्या बदल्यात मेंढपाळाला ज्वारी मिळते. रान मोठे असेल तर मुक्कामही लांबतो. पालमच्या त्या शेतकऱ्याचे रान मोठे होते. कळप तिथेच बसून होता. फोनही तिथेच होता.

गयाबाई निघताना सासूने खाल्ले होते तेवढेच, त्या परत येईपर्यंत तिने पुढचा घास घेतला नव्हता. शेजारणीच्या हातून तिने काही घेतले नव्हते. त्या शिमग्याला मारोती घरी आल्यावर गयाबाईंनी त्यांना स्पष्ट सांगितले. पुढच्या दिवाळीनंतर निघायच्या आत या फोनचे काही झाले नाही, तर मेंढरे विकायची. गयाबाईंना म्हातारीला सोडून पुन्हा असे निघता येणार नव्हते, आणि घरी बसून गप्प फोनकडे बघणेही जमणार नव्हते. मारोतींच्या घरात मेंढरांशिवाय दुसरा धंदा कुणी केलेला नाही. तरी त्यांनी होकारार्थी मान हलवली. पावसाळ्यात एक व्यापारी कळप पाहून गेला.

ही अट मला गयाबाईंनीच सांगितली. शकीलभाईंनी त्यांना माझ्याकडे पाठवले होते. “मॅडमला कोडिंग येतं, पेपरवाल्या हाईत, भांडतेत बी चांगलं,” अशी शिफारस होती.

मी त्या प्रोग्रॅमचा कोड उघडून वाचला. कारण लवकर सापडले. मागच्या संदेशापासून फोन ठरावीक अंतर हलला नसेल, तर नवा संदेश पाठवायचा नाही, असा नियम होता. हा बिघाड नव्हता. सायकलवाला रोज पुढे जातो. तो थांबला म्हणजे हॉटेलात आराम करतो आहे. त्याच्या घरच्यांना तीच माहिती पुन्हा पाठवून पैसे आणि बॅटरी कशाला घालवायची, असा विचार त्यामागे होता. नियम करणाऱ्यांनी बसलेला कळप पाहिला नव्हता.

अशा ठिकाणी नवख्या माणसाने थेट दुरुस्ती घेऊन जाऊ नये. आधी तिथले नियम वाचावेत. बहुतेक प्रकल्पांत त्यासाठी वेगळी फाइल असते आणि बहुतेक लोक ती वाचत नाहीत. मग हीच तक्रार आधी कुणी केली आहे का ते शोधावे. मी शोधले. कुणी केलेली नव्हती. मग मी तक्रार नोंदवली: काय व्हायला हवे होते, काय झाले, कोणत्या फोनवर, कोणत्या परिस्थितीत. बातमीच्या पहिल्या परिच्छेदासारखी. त्यात आपले मत घालायचे नसते.

देखभाल करणाऱ्यांचे उत्तर सभ्य आणि छोटे होते. बदल नसेल तर कळवण्यासारखे काय आहे? हा नियम विचार करून ठेवलेला आहे. तक्रार बंद केली आहे.

हा नियम मला नवा नव्हता; आमचा डेस्क याच नियमावर चालला. घडले तर बातमी. न घडलेल्याला जागा नसते.

या नियमाला आमच्याकडे एक अपवाद होता. ताडकळसचे वार्ताहर कदम गुरुजी. शाळा सुटल्यावर बातमीदारी करत. मजकूर असो नसो, रोज संध्याकाळी त्यांचा फोन येई. बातमी नसली की दोनच शब्द: “ताडकळस निरंक.” सरकारी अहवालात सांगण्यासारखे काही नसले की निरंक लिहितात, तिथून त्यांनी तो शब्द उचलला होता. डेस्कवर त्यांची थट्टा चाले. कुणीतरी म्हणे, “गुरुजी, निरंकची चौकट टाकू का पहिल्या पानावर?” गुरुजी म्हणत, “टाका की. वाचक सुखानं झोपतील.”

एके संध्याकाळी तो फोन आला नाही. कुणी मुद्दाम लक्ष ठेवलेले नव्हते. तरी पाने लावताना दोघातिघांच्या एकदमच ध्यानात आले. आम्ही त्यांच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदाराने माणसे पाठवली. गुरुजी मोटारसायकलसह रस्त्याकडेच्या खड्ड्यात पडलेले सापडले. पाय मोडला होता. ते बरे झाले आणि त्यानंतरही अनेक वर्षे संध्याकाळी फोन करत राहिले. आता ते नाहीत. निवृत्तीनंतर डेस्कवरचे फारसे काही आठवत नाही. दिवे लागताना तो फोन मात्र आठवतो.

हे सगळे मी बंद झालेल्या तक्रारीखाली लिहिले. अशा जागी लोक तांत्रिक मजकूर लिहितात; गोष्ट सांगणे तिथल्या रीतीला धरून नव्हते. गयाबाई बसने कुठे गेल्या आणि का गेल्या, तेही लिहिले. शेवटी एकच ओळ टाकली: रोज येणारे निरंक असेल, तरच एखाद्या दिवशीच्या गप्प राहण्याला अर्थ येतो.

तक्रार पुन्हा उघडली गेली. खाली लिहिले होते, बदल पाठवा, पाहतो.

बदल पाठवण्याची पद्धत अशी. मूळ कोडला हात लावायचा नाही. त्याची आपली प्रत काढायची, तीत दुरुस्ती करायची, ती चालते हे दाखवणारी चाचणी लिहायची, आणि मग ‘हा बदल घ्यावा’ अशी विनंती करायची. या विनंतीला पुल रिक्वेस्ट म्हणतात. दुरुस्ती जितकी लहान तितकी बरी. वाटेत दिसलेल्या दुसऱ्या चुका तिच्यात सुधारू नयेत. सबएडिटरला हे पाळणे अवघड जाते. माझी दुरुस्ती एवढीच होती की फोन हलला नसला, तरी दिवसातून एकदा संध्याकाळी संदेश जावा.

ती परत आली. जागा ठरवण्यासाठी मी प्रत्येक वेळी उपग्रहाशी नव्याने संपर्क करायला लावत होते. तिरक्या अक्षरांत शेरा होता: बसलेल्या फोनला उठवू नका, तो कुठे आहे हे त्याला आधीच ठाऊक आहे. शेरा बरोबर होता. माझ्या पद्धतीने फोनची बॅटरी मुक्कामातच संपली असती आणि मग खरोखरच संदेश बंद झाले असते. मी ते बदलले, पुन्हा पाठवले.

आणखी एक प्रश्न होता. संदेशाचे शब्द काय? प्रोग्रॅममध्ये प्रत्येक भाषेची वेगळी फाइल असते. मराठीचे काम कुणी घेतलेले नसल्याने ते माझ्याकडे आले. मी ‘निरंक’ लिहिले आणि पेडगावला जाऊन गयाबाईंना दाखवले.

“निरंक म्हंजी?”

“काही नवीन नाही. आहेत तिथेच आहेत.”

“मंग तसंच लिवा की.”

मी लिहिले: आहे तिथेच आहे. त्यांनी वाचले आणि फोन परत दिला.

“हे असं बोलतच न्हाईत, बाई. हे तलाठ्यावानी झालं.”

“ते कसं म्हणतील?”

खाटेवरून सासूने उत्तर दिले. “माझं लेकरू म्हनंल, हितंच हाय.”

तेच लिहिले. नोकरीत असते तर हे वाक्य मी दुरुस्त करून छापले असते.

ही दुसरी प्रत पाठवल्यानंतर उत्तर आले नाही. श्रावण गेला, गणपती गेले. देखभाल करणारे कुठेच लिहीत नव्हते. इतरांच्या विनंत्याही तशाच पडून होत्या. हे काम करणारे पगारी नसतात. त्यांना घाई करा असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच नसतो. एक विनम्र स्मरणपत्र चालते. ते मी लिहिले. त्यानंतर रोज पान उघडून बघणे एवढेच हातात होते.

गयाबाई बाजाराला परभणीत आल्या की दुकानात डोकावत. मी असेन तर विचारत, “आलं का तुमच्या मानसाचं?” मी नाही म्हणत असे. एकदा शकीलभाई म्हणाले, “मॅडम, तुमचा वाला बी बसला असंल कुठंतरी मेंढरं घिऊन. त्याच्या फोनात बी हाच पिरोग्राम असंल!”

गयाबाई हसल्या. त्या दिवशी प्रथमच हसल्या. मग त्यांनी विचारले, “त्येच्या घरचं कोन बघायलंय म्हनावं त्येची वाट?”



शकीलभाईंचा एक प्रस्तावही होता. माझी दुरुस्त प्रत सरळ मारोतींच्या फोनमध्ये टाकायची. प्रोग्रॅमचा परवाना, म्हणजे तो वापरण्याच्या अटी, त्याला आड येत नव्हता. मी नको म्हटले. तपासणाऱ्याने एकदा त्यात चूक काढली होती, आणि दुसऱ्यांदा ती कुणी वाचलेली नव्हती. न वाचलेला मजकूर मी पानात सोडत नाही.

दिवाळी झाली. चारा संपत आला होता. व्यापारी पुन्हा येऊन भाव बोलून गेला. गयाबाईंनी त्याला भाऊबीज होऊ द्या म्हणून सांगितले, नंतर कार्तिकी एकादशी होऊ द्या म्हणून सांगितले. मग कळपाला थांबवणे शक्य नव्हते. मारोती निघाले. विकायचे की नाही हे ठरले नव्हते. पहिला मुक्काम झरीच्या शिवारात होता. व्यापारी तिथेच येऊन कळप उचलायला तयार होता.

त्याच आठवड्यात उत्तर आले. उशीर झाला, घरी आजारपण होते, आता वाचले, ठीक आहे. त्याखाली विनंती मूळ कोडमध्ये घेतल्याची खूण होती. आजारपण कुणाचे आणि पुढे काय झाले, हे लिहिलेले नव्हते. मी विचारले. त्या प्रश्नाला उत्तर आलेले नाही.

नवी आवृत्ती निघाली, पण ती मारोतींच्या फोनमध्ये आपोआप उतरण्याची खात्री नव्हती. शुक्रवारी नमाज झाल्यावर शकीलभाईंनी दुकान उघडले नाही. मोटारसायकल काढली. मी मागे बसून झरीला गेले. शिवारात मेंढरे ज्वारीच्या कडेकडेने चरत होती. मारोतींनी आम्हाला पाहून काठी वर केली. घोड्याच्या पिशवीतून फोन निघाला. त्याला लोकर चिकटलेली होती.

“काय नवीन घालायलाव त्याच्यात?” मारोतींनी विचारले.

शकीलभाई त्यांच्या कानाशी ओरडले, “आता तुमी बसलाव तरी खबर जाईल!”

“बसल्यावर कशाची खबर? हाललोच न्हाई तर सांगायचं काय?”

शकीलभाईंनी माझ्याकडे पाहिले. म्हणाले, “मॅडम, हा बी तिकडच्या सायबावानीच बोलायलाय. मला वाटतं दोघं चुलतभाऊ हाईत.”

मी कानाशी जाऊन सांगितले, “हितंच हाय, एवढंच जाईल.”

“कुनाला?”

“गयाबाईंना.”

मारोतींनी ज्वारीत शिरू पाहणारे एक मेंढरू काठीने मागे हुसकले. मग म्हणाले, “जाऊ द्या मंग.”

त्यांनी फोन धोतराने पुसला आणि पिशवीत ठेवला.

व्यापाऱ्याला गयाबाईंनी कळप पहिल्यांदा बसेपर्यंत थांबायला सांगितले. पुढचे दिवस कळप चालता होता आणि रोज गावाचे नाव येत होते. चालत्या कळपाचे संदेश पूर्वीही येत असत. त्यामुळे त्यांवरून काही सिद्ध होत नव्हते. मार्गशीर्षात कळप पूर्णा तालुक्यात शिरला. एका शेतकऱ्याने मेंढरे बसवायला बोलावले, असे जोडीदाराच्या घरून कळले. गयाबाईंनी मला पेडगावला बोलावून घेतले. 

पहिल्या संध्याकाळी गावाचे नाव आले. तिथवर कळप चालूनच गेला होता. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही सासूच्या खाटेजवळ बसलो. फोन पांघरुणावर ठेवलेला होता. गयाबाईंनी भाकरी करून झाकून ठेवल्या होत्या. शेजारी दिवा लागला. गुरे आली. सासू म्हणाली, “यील.” 

फोन वाजला. गयाबाईंनी तो उचलला आणि सासूला ऐकू जाईल अशा आवाजात वाचला.

“ताडकळस. हितंच हाय.”

सासूने पुन्हा वाचायला सांगितले. त्यांनी पुन्हा वाचले. मग ताट वाढले.

व्यापाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप गेला, मेंढरे विकायची नाहीत. त्या संध्याकाळी ताडकळसहून तोच संदेश आला.